बोरम्याचं सरपण: चेन, गोल पातं की कातर? यंत्र घेतानाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

काय हवंय ते आधी लिहून ठेवते. दुकानात गेलं की विकणारा जे दाखवतो तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं.

आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे, कुडाळ तालुक्यात. लाकूड दोन ठिकाणी जळतं. एक बी वाफवायचा बॉयलर, दुसरा गर सुकवायचा बोरमा. बॉयलरचं काही म्हणणं नसतं. जाड, बारीक, टरफलं, सगळं चालतं. नखरे बोरम्याचे. गर सहा-आठ तास सत्तर अंशांच्या आसपास सुकायला हवा. भट्टीत जाड ओंडका गेला की पहिला तासभर तो नुसता धुमसतो, मग एकदम पेटतो. खालच्या ट्रेमधला माल करपतो, आणि डब्ल्यू ३२० (पांढरा, अख्खा) म्हणून जाणारा गर एसडब्ल्यूच्या, म्हणजे करपलेल्याच्या, भावात द्यावा लागतो. सरपण कापण्यातला आळस असा थेट गराच्या भावात दिसतो.

तेव्हा हवं ते एवढंच: लांबी १६ इंच, जाडी तीन-चार इंच, सगळे तुकडे साधारण सारखे. भट्टीच्या तोंडातून अडकल्याशिवाय आत जायला हवेत.

लाकूड कुठलं? जुन्या काजूच्या बागा मोडतात तिथलं, छाटणीचं, आणि आकेशिया. ऐन, किंजळ, आंबा, फणस आम्ही घेत नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं ती, तोडायला परवानगी लागते. सरपणासाठी कोण त्या भानगडीत पडणार.

मागच्या अंगणातला ढीग टेप घेऊन मोजला. चारातले तीन हिस्से सहा इंचांच्या आतलं आणि वाकडं. दहा इंचांच्या वरचे ओंडके थोडेच, पण माणसं दमतात ती त्यांच्यावरच.

१९ नोव्हेंबर

भावजींनी तीन कोटेशनं आणली. पहिलं एकत्रित यंत्राचं, म्हणजे एका बाजूने अख्खा ओंडका सरकवायचा, यंत्र कापणार, फोडणार आणि पट्ट्यावरून बाहेर टाकणार. त्यात कापणीचे दोन प्रकार, चेनचा आणि गोल पात्याचा. दुसरं कोल्हापूरच्या एका फॅब्रिकेटरचं, हायड्रॉलिक कातरीचं. तिसरं साधं: चांगली पेट्रोल चेनसॉ आणि वेगळा हायड्रॉलिक स्प्लिटर, म्हणजे लाकूड फोडायचं यंत्र.

एकत्रित यंत्राचा व्हिडिओ सगळ्यांनी दोनदा बघितला. बोरमा सांभाळणारे अण्णा एकदाच बघून म्हणाले, "वयनी, त्यांचा लाकूड बघा. सगळा सरळ. आपला काजू त्या पन्हाळीत बसतलो कसो?"

खरं आहे. व्हिडिओत सगळे सूचिपर्णी झाडांचे सोटे होते, पेन्सिलीसारखे. आमच्या काजूच्या फांदीला हातभर लांबीत दोन वळणं आणि एक बेचकं. एकत्रित यंत्र ओंडका पुढे ढकलतं ते तो सरळ आहे हे गृहीत धरून. किंमत तर आमच्या आवाक्याबाहेरची होतीच, पण नाद सुटला तो या कारणाने. आता प्रश्न फक्त कापायचं कशाने हा. फोडायचं नंतर बघू.

३ डिसेंबर

गोल पातं बघितलं. कणकवलीच्या बाजूला एकाकडे पॉवर टिलरच्या इंजिनावर चालणारं जुनं सर्क्युलर विकायला होतं. लोखंडी चौकट, पुढे झुला. झुल्यात लाकूड ठेवून तो पात्याकडे ढकलायचा. मागणी ३२,००० रुपये. आमचं लाकूड घेऊन गेलो आणि चालवूनच बघू म्हटलं. त्याने आनंदाने चालवू दिलं.

आकेशियाचे सरळ सोटे, चार-पाच इंचांचे: सुरेख. झुला ढकलला की तुकडा पडला, ढकलला की पडला. कापही इतका स्वच्छ की हात फिरवावा. वेगात याला तोड नाही हे मान्यच करायला हवं. आकेशियाचे दांडे विकत घेऊन जाळणाऱ्यांनी पुढचं वाचू नये, सरळ गोल पातं घ्यावं.

मग मापं घेतली. पातं २४ इंच. मधली चकती, जिच्यात ते आवळलेलं असतं, पाच इंच. उरले १९, त्याचे अर्धे साडेनऊ. त्यातून झुल्याचा तळ आणि सुटी जागा वजा केली की प्रत्यक्षात आठ इंच. दुकानात "चोवीस इंची" ऐकून माणूस दोन फुटी ओंडका डोळ्यांपुढे आणतो. कापलं जातं त्याच्या एक तृतीयांश. त्याहून जाड असेल तर अर्धं कापून फिरवायचं आणि पुन्हा ढकलायचं. सरळ ओंडक्याला ते जमतं. वाकडा फिरवला की पहिला काप आणि दुसरा काप भेटतच नाहीत.

शेवटी काजूची फांदी घातली. कोपरासारखं वळण, सात इंच जाडी. झुल्यात ती दोनच ठिकाणी टेकली होती, मधे पोकळी. पातं अर्ध्यावर गेलं आणि फांदी स्वतःभोवती थोडी वळली. एवढंच झालं. कापाच्या दोन बाजूंनी पातं चिमटीत धरलं, इंजिन घुसमटलं, पट्टा पुलीवर घसरायला लागला आणि जळक्या रबराचा वास सुटला. मालकाने धावत येऊन टिलर बंद केला. पातं सोडवायला पाचर ठोकावी लागली. पाहिलं तर कडेला निळसर डाग. म्हणजे पातं तापून त्याचा ताव गेला.

पात्याचे पैसे आम्ही भरून दिले. व्यवहार तिथेच संपला, पण माणूस भला. म्हणाला, "वाकड्याक ह्या नाय. मी पण वाकडा बाजूक ठेवतंय."

५ डिसेंबर

गोल पात्यावर पूर्ण फुली मारण्याआधी दोन गोष्टी तपासल्या.

वाकडं लाकूड झुल्यात वळू नये म्हणून वरून दातेरी दाब बसवता येतो. गावातल्या मिस्त्रीने चित्र काढून दाखवलं, होईल म्हणाला. पण प्रत्येक तुकड्याला दाब उचला, सरकवा, आवळा. म्हणजे ज्या वेगासाठी गोल पातं घ्यायचं तोच वेग गेला.

दुसरं, चीक. काजूच्या ओल्या लाकडाचा चीक पात्याच्या अंगावर बसतो आणि काळा पडून घट्ट होतो. पातं जाड झाल्यासारखं घासतं, घासलं की तापतं, तापलं की डुगडुगतं. रोज संध्याकाळी रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं हा उपाय. चीक तिघींच्या हातांना लागून फोड आले ते वेगळंच. काजूच्या लाकडाला हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही, यंत्र कुठलंही असो.

आणि ज्यांना गोल पातं कायमचं बसवायचंय त्यांनी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्यावं. यंत्रावर लाकूड कापणं म्हटलं की आरागिरणीच्या परवान्याचा विषय निघतो. आपण सरपणच कापतोय हे आपल्याला माहीत, चौकशीला आलेल्या माणसाला नाही.

१७ डिसेंबर

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. कातर बघायला. बोलेरोत आमचंच लाकूड: ओला काजू, सुका काजू, सुकं आकेशिया.

कातरीची कल्पना मला मनापासून आवडली होती. चेन नाही, पातं फिरत नाही, भुसा नाही, धार लावायची कटकट जवळपास नाही. लाकडाला चिकटलेली माती, चिऱ्याचा खडा, एखादा खिळा, कशाचीच भीती नाही. जाड सुरी वरून उतरते आणि लाकूड तुटतं.

ओला काजू, पाच इंच: सुरी लोण्यातून गेल्यासारखी गेली. कापलेलं तोंड जरा चेंगरतं, पण जाळायच्या लाकडाचं तोंड कोण बघतं. वाकड्याचंही काही बिघडत नाही, कारण सुरीच लाकडाला खाली दाबून धरते. मी भावजींकडे बघितलं, ते माझ्याकडे. ठरल्यातच जमा होतं.

मग सुकं आकेशिया, तेवढ्याच जाडीचं. सुरी अर्ध्यावर थांबली. पंपाचा आवाज चढला, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह किंचाळायला लागला, आणि लाकूड आडवं तुटायच्या ऐवजी उभं फाटलं. सुरीच्या दोन्ही बाजूंना फुटा-फुटाच्या चिरा. शेवटपर्यंत ते तुटलंच नाही. उलटं फिरवून हातोडीने सोडवलं.

फॅब्रिकेटर प्रामाणिक होता, गणित समोर मांडलं. सिलिंडर चार इंची, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ८१ चौरस सेंटिमीटर. दाब चौरस सेंटिमीटरला १६० किलो. जोर झाला तेरा टन. सहा इंची सिलिंडर घातला तर १८२ चौरस सेंटिमीटर, एकोणतीस टन. मग आकेशियाही तुटेल. पण तोच पंप ठेवला तर सुरी सव्वादोन पट हळू चालणार, कारण तेवढं जास्त तेल भरायचं. वेग तोच ठेवायचा तर पंप मोठा, मोटर मोठी, आणि चौकटीची प्लेटही जाड. प्रत्येक "मोठं" ऐकताना किंमत वर सरकत होती. शिवाय थ्री फेजची बोंब. आमच्याकडे दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की पाण्याचा पंपसुद्धा रडतो.

तरी एक लिहून ठेवते. ज्यांचं सगळं लाकूड ओलं, सहा इंचांच्या आतलं आणि मातीने माखलेलं आहे, छाटणीचा ठेका घेणारे किंवा नर्सरीवाले, त्यांनी कातर जरूर बघावी. फक्त आपल्याकडचं सर्वांत सुकं आणि सर्वांत कडक लाकूड बरोबर न्या. दाखवणाऱ्याच्या ढिगातलं घालू नका.

जाण्यायेण्याचं डिझेल, घाट आणि एक पूर्ण दिवस.

६ जानेवारी

चेन. ही सगळ्यांना माहीत असलेली, म्हणून तिची परीक्षा कोणी घेत नाही. आमच्याकडे आधीची स्वस्तातली ५८ सीसी चेनसॉ होतीच, ११,००० ची. तिच्यावर सगळ्यांचा राग होता: "चेन लगेच बोथट होते." म्हणून आज फक्त बोथट का होते तेवढंच बघितलं.

नवी चेन चढवली. आकेशियाचे दांडे कापले. तासभर काही फरक नाही, भुसा जाड, चिप्ससारखा. मग बागेतून ओढत आणलेला काजूचा ओंडका घेतला. तिसऱ्या कापाला भुश्याचं पीठ झालं. पीठ पडायला लागलं म्हणजे चेन कापत नाही, घासते.

ओंडक्याची साल बघितली तर एका बाजूला लाल मातीचा थर वाळून बसलेला, आत चिऱ्याचे बारीक खडे. ट्रॅक्टरला साखळदंड लावून ओढत आणलेला ना तो! जी बाजू जमिनीवर घासली तिथेच चेन मेली. म्हणजे दोष यंत्राचा नाही, वाहतुकीचा.

अण्णांनी आणखी एक दाखवलं. बारच्या, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या, खालच्या अंगाने कापताना चेन आपल्या दिशेने धावते, म्हणजे लाकडात पलीकडून शिरते आणि आपल्या बाजूने बाहेर पडते. मातीची बाजू पलीकडे ठेवली तर चेन पहिल्यांदा मातीत शिरते आणि ते खडे सगळ्या कापातून फिरवते. तीच बाजू आपल्याकडे ठेवली तर खडे बाहेर फेकले जातात. त्याच ओंडक्यावर, दुसऱ्या धारदार चेनने, मातीची बाजू आपल्याकडे करून कापलं. ओंडका संपेपर्यंत चिप्स पडत होत्या.

"आधी माती बघा, मगे चेनीक गाळी घाला," अण्णा.

१४ जानेवारी

धार. चेनच्या बाजूने किंवा विरुद्ध निर्णय इथे होतो. गोल पात्याचे कार्बाइडचे दाते जास्त टिकतात हे खरं, पण दाते उडाले की पातं कुडाळला न्यायचं, ज्याच्याकडे मशीन आहे त्याला सवड असेल तेव्हा तो लावणार. चेनची धार अंगणात बसून, गोल कानशीने लागते. ०.३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेनला ४.८ मिलिमीटरची कानस. आपल्या चेनचा पिच बारवर कोरलेला असतो, तो बघून घ्यावी. भलती कानस वापरली तर दाताचा आकार बिघडतो.

दातापुढची ती छोटी उंचवटी, रेकर, ती कोणी बघत नाही. दात घासून घासून खाली आला आणि रेकर तसाच राहिला तर दाताला लाकूड लागतच नाही. चेन धारदार, तरी कापत नाही, आणि माणूस जोर देत बसतो. दाताच्या टोकापेक्षा रेकर साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. गेज मिळतं, स्वस्त असतं, घ्यावं.

घरातल्या तिघांना धार लावता येते आता. सर्वांत चांगली लावते ती बी फोडायला बसणारी एक काकी. आयुष्यभर कोयतीला धार लावलेली. कानस किती कोनात धरायची ते तिला सांगावं लागलं नाही.

चेन ऑइलबद्दल: गावात सगळे गाडीचं जळकं तेल ओततात. आम्ही बंद केलं. एक तर त्यातल्या कचऱ्याने ऑइल पंप तुंबतो. दुसरं, तेच लाकूड खाण्याच्या मालाखाली जळणार आहे.

२८ जानेवारी

ठरलं. चेन, पण चांगली. नामांकित कंपनीची ५० सीसी, १८ इंची बार. ४१,५०० रुपये. तीन जास्तीच्या चेन आणि कानशी मिळून साडेपाच हजार. पेट्रोलमध्ये मिसळायचं इंजिन ऑइल कंपनीचंच, १:५० प्रमाणात.

११,००० ची असताना ४१,५०० कशाला, हे घरात विचारलं गेलं. जुनीचं क्लच ड्रम दोनदा बदललं होतं, आणि हादरा इतका की तासाभराने बोटं बधिर. चालवणारा माणूस दुपारी सांगून जायचा की उद्या येत नाही. तो खर्च वहीत कधी लिहिलाच गेला नव्हता.

सोबत हेल्मेट, जाळी, चॅप्स (चेनपासून वाचायला पायांवर बांधायचं जाड आवरण). चॅप्सना अण्णा हसले. नंतर घालायला लागले.

११ फेब्रुवारी

आता बारीक फांद्यांचं कोडं. चेनसॉने एकेक दोन इंची फांदी कापणं म्हणजे पेट्रोल ओतणं, आणि फांदी नाचते ती वेगळीच. इथे गोल पात्याची आठवण येत होती.

त्यावर उपाय घोडी. दोन लांब ओंडक्यांना लागून समोरासमोर उभ्या खुंट्यांच्या चार जोड्या जमिनीत ठोकल्या. जोडीतलं अंतर दीड फूट, उंची कमरेएवढी. त्यात बारीक फांद्या रचून भरायच्या, वाकड्या असल्या तरी एकमेकींत गुंतून बसतात. वरून ट्रकवाल्यांचा रॅचेटचा पट्टा करकचून आवळायचा. मग वरून खाली एकच काप: पंधरा-वीस तुकडे एकदम पडतात. १६ इंचांच्या खुणा खालच्या ओंडक्यावर रंगाने करून ठेवल्यात, मोजत बसायचं नाही.

खुंट्या लाकडाच्याच हव्यात. पहिल्यांदा मिस्त्रीने लोखंडी अँगलच्या करून दिल्या होत्या. मजबूत होत्या, पण दुसऱ्याच दिवशी चेन अँगलला लागली, चार दात गेले. लाकडी खुंटी कापली गेली तर दुसरी ठोकायची.

पट्टा ढिला असताना कापू नका. मधली फांदी चेनबरोबर ओढली जाते आणि बार वर उडतो.

मार्च

बी यायला लागली. नोंदी बंद. चेनसॉ चालू आहे.

२१ एप्रिल

स्प्लिटर आला. सिंगल फेज, ३ एचपी, सात टनी, उभा. ७८,००० रुपये. सात टन आकेशियाच्या सरळ तुकड्याला भरपूर होतात. काजूच्या बेचक्याला होत नाहीत. तिथे रेषा एकमेकींत विणलेल्या असतात, पाचर आत रुतून बसते. बेचकी आता फोडतच नाही, बाजूला काढून बॉयलरला देतो.

फोडायचं लाकूड आधी १६ इंचांचं कापलेलं असलं पाहिजे, नाहीतर पाचर मधेच संपते. त्यामुळे चेनने कापणारा आणि स्प्लिटरवर बसणारा यांच्या मधे रोज थोडा ढीग तयार ठेवावा लागतो. पहिल्या आठवड्यात स्प्लिटरवरचे दोघे बसून राहिले, कारण कापणारा एकच आणि तोच चेनला धार लावत होता. आता धार आदल्या संध्याकाळी, तिन्ही चेनना.

१२ मे

हिशोब: चेनसॉ, चेन, कानशी ४७,०००. संरक्षणाचं सामान ६,२००. स्प्लिटर ७८,०००. घोडी, पट्टे, मिस्त्री २,४००. पाहणीत गेलेले पैसे, म्हणजे कणकवलीचं पातं आणि कोल्हापूरची फेरी, ११,००० च्या आसपास. ते वाया गेले असं भावजी म्हणतात. मी म्हणत नाही. ते नसते खर्चले तर कातर घेऊन बसलो असतो आणि सुकं आकेशिया शेजाऱ्याकडून कापून आणत असतो.

पावसाचा साठा तीन-चतुर्थांश रचून झाला. बोरम्याचा काटा सत्तर-बहात्तरवर उभा राहतो, रात्री उठून दार उघडावं लागत नाही.

राहिलेली कामं: स्प्लिटरवर पत्र्याची छप्पी, मोटर उघड्यावर आहे. चेनसॉचा एअर फिल्टर काजूच्या भुश्याने लवकर भरतो, रोज झटकायचा हे भिंतीवर लिहून लावायचं. बागवाल्यांना सांगायचं की ओंडके ओढत आणू नका, ट्रॉलीत घाला. भाडं थोडं जास्त देऊ.

कोणाला घोडी करायची असेल तर: ओंडके साडेपाच फुटी, खुंट्या तीन इंची, दीड फूट जमिनीत पुरलेल्या, आकेशियाच्या. काजूच्या नकोत, वर्षात कुजतात.